घरच्या यंत्रावर आकाशाचा हिशेब

काचीगुड्याच्या स्थानकाशी आपल्या मराठी घरांचे नाते तिकिटापुरते नाही. १९१६ साली निजामाच्या रेल्वेने ही घुमटांची इमारत उभारली. गोदावरी खोऱ्यातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली आपली वडीलधारी मंडळी बिछान्याची वळकटी काखेत मारून येथेच उतरली. याच लोहमार्गाने नांदेडवरून पूर्णेला जावे आणि तेथून अकोल्याच्या फाट्याला लागावे, की हिंगोली येते. औंढ्याच्या नागनाथाला किंवा नामदेवांच्या नरसीला जाणाऱ्या घरांना ही वाट तोंडपाठ आहे. १९५६ पर्यंत तो सारा मुलूख हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचाच होता.

आता त्याच औंढ्याजवळ, दुधाळा गावी, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. केंद्र सरकारने २०२३ साली तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. या बातमीने आमच्या घरात एक वाद उपस्थित केला. आमच्यासारखी आणखी घरे असतील, म्हणून तो येथे मांडतो.

बातमी वाचून माझा भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. त्यांच्या नोंदी चाळण्यासाठी जगभरची माणसे आपले घरचे संगणक देतात. आपला तर दिवसभर नुसता बसून असतो. देऊ या का?"

'आइन्स्टाइन ॲट होम' हे त्या उपक्रमाचे नाव; तो २००५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. योजना साधी आहे. नोंदींचा ढीग एवढा मोठा, की एका संस्थेच्या यंत्रांना तो पुरा पडत नाही. मग त्याचे तुकडे करून ते इंटरनेटवरून घरोघरी पाठवायचे. घरच्या यंत्राने आपला तुकडा सोडवून उत्तर परत धाडायचे. उन्हाळ्यात पापडांच्या लाट्या शेजारणींत वाटून देतात ना, तसेच. फरक इतकाच, की येथे एकच लाटी किमान दोन घरी देतात आणि दोन्ही पापड सारखे उतरले तरच ते डब्यात जातात. आत चालते ते काम म्हणजे नोंदीतला गोंगाट असंख्य अंदाजी नमुन्यांशी ताडून पाहणे. या नमुन्यांच्या शास्त्रात आपल्या पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ सालचा निबंध पायाभूत मानला जातो. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत निघणारी लहर मात्र अद्याप कोणाच्याच हाती लागलेली नाही.

म्हणजे हे सारे व्यर्थ, असे नव्हे. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही या घरांना वाटल्या जात होत्या. त्यांतून २०१० साली अमेरिकेतील एक दांपत्य आणि जर्मनीतील एक गृहस्थ यांच्या घरच्या संगणकांना एक अज्ञात स्पंदतारा सापडला. तो सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरतो. दोन घरे, मध्ये अटलांटिक महासागर, आणि उत्तर एकच!

भाचा आणि त्याचे दोन मित्र हे रंगवून सांगत असताना शेजारचे नाना ऐकत होते. नानांची हयात रेल्वेच्या हिशेबखात्यात गेली. ते म्हणाले, "पोरांनो, रिकामे म्हणजे फुकट नव्हे."

माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म या एका वाक्यात आहे. या चळवळीला लोकप्रिय केले ते 'सेटी ॲट होम'ने. परग्रहावरच्या बुद्धिमंतांचा संदेश शोधण्यासाठी १७ मे १९९९ रोजी बर्कलेहून निघालेल्या या उपक्रमाला पन्नास लाखांहून अधिक लोक मिळाले. संदेश काही आला नाही. ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबले. पण तो काळ निराळा होता. त्या वेळचे बरेचसे घरगुती संगणक काम करोत वा न करोत, वीज जवळपास तेवढीच खात. म्हणून 'वाया जाणारा वेळ द्या' ही हाक तेव्हा बरीचशी खरी होती. आजची यंत्रे शहाणी झाली आहेत. काम नसले की ती डुलकी घेतात आणि वीज वाचवतात. त्यांना रात्रभर जागे ठेवायचे तर त्या जागरणाचे बिल येते.

नानांनी वर्तमानपत्राच्या समासात आकडे मांडले. समजा, यंत्र रिकामे असता ४० वॉट ओढते आणि कामाला जुंपले की १००. फरक ६० वॉटचा. अहोरात्र चालवले तर महिन्याला ४३ युनिट झाले. आणि रात्री जे यंत्र एरवी बंदच राहिले असते, ते मुद्दाम चालू ठेवले तर त्या तासांना पुरे १०० वॉट धरले पाहिजेत. शिवाय आपल्याकडे विजेचे दर पायरीपायरीने चढतात. म्हणजे हे वाढीव युनिट सर्वांत महागड्या पायरीवर बसतात. "धर्म करावा," नाना म्हणाले, "पण पावती फाडून."

मुलांचे उत्तरही कच्चे नव्हते. एक म्हणाला, "नाना, यंत्राचा वेग थोडा उतरवला तर वीज त्याहून पुष्कळ अधिक उतरते. काम जरा उशिरा होते, पण दर युनिटमागे जास्त होते." हे भौतिकशास्त्राला धरून आहे. दुसऱ्याने सुचवले की माळ्यावरचा जुना संगणकही लावावा. त्याला त्याच्याच मित्राने आडवे घेतले: जुने यंत्र तेवढ्याच विजेत नव्याच्या मानाने फारच थोडे काम करते, त्याला पेन्शन द्यावी हेच बरे. या मंडळींत कामाबद्दल गुण मिळतात, आणि गुणांच्या शर्यतीपायी लोक खोलीभर यंत्रे मांडतात असे ऐकले. मला ही शर्यत रुचत नाही. वर्गणीच्या पाटीवर आपले नाव वरच्या ओळीत यावे म्हणून धडपडणारे गृहस्थ आपण गणेशोत्सवात पाहिलेच आहेत.

मग मुद्दा निघाला तो आमच्या सौ.कडून. तिला वॉट कळत नाहीत असे मुलांनी गृहीत धरले होते. ती म्हणाली, "ती वीज शेवटी जाते कुठे? उष्णताच होते ना? मग मे महिन्यात ती तुमची आकाशवाणी खोली तापवणार, आणि ती गार करायला एसी पुन्हा वीज खाणार." सगळे गप्प झाले. जर्मनीत किंवा कॅनडात हिवाळ्यात संगणकाची ऊब घराला उपयोगी पडते. तेथे हे दान अर्धे परत मिळते. आपल्या काचीगुड्यात वैशाखात तेच दान दुप्पट पडते. जगभरचे स्वयंसेवक एकमेकांना सल्ले देतात खरे, पण सल्ला देणाऱ्याच्या खिडकीबाहेर बर्फ आहे की ऊन, हे आधी विचारून घ्यावे.

नानांचा शेवटचा प्रश्न अधिक अवघड होता. एवढे पैसे जमवून मोठी यंत्रशाळाच भाड्याने घेतली तर? हे झालेही आहे. अवाढव्य मूळ संख्या शोधण्याचा असाच एक उपक्रम १९९६ पासून घरगुती संगणकांवर चालत आला. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली त्यांची नवी संख्या ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची आहे. पण ती सापडली ती भाड्याच्या यंत्रशाळांतल्या ग्राफिक्स कार्डांवर. उलट बाजूला २०२० चा वसंत आहे. करोनाच्या त्या दिवसांत प्रथिनांच्या घड्या अभ्यासणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम'कडे घरोघरचे इतके संगणक धावून आले, की त्यांची एकत्रित शक्ती तेव्हाच्या कोणत्याही महासंगणकापेक्षा मोठी ठरली. आणीबाणीला घरेच धावली. म्हणून घरगुती यंत्राचे दिवस संपले, असे मी म्हणणार नाही.

आणि हैदराबादकरांना तर वाटून घेतलेले आकाश नवे नाही. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करायचे ठरले आणि जगातल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. चिली देशातील सँटियागोकडून सुटलेला दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आपल्या निजामिया वेधशाळेने उचलला. प्रथम पोकॉक आणि नंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली काचेच्या तबकड्यांवरचा एकेक ठिपका डोळ्यांनी मोजला गेला. सुमारे आठ लाख ताऱ्यांची ती सूची बारा खंडांत निघाली. पुढे २००० साली उपग्रहाच्या मोजमापांशी या जागतिक सूचीची सांगड घालून पंचवीस लाख ताऱ्यांच्या गती ठरवल्या गेल्या. बेगमपेठेत मान मोडून मोजलेला ठिपका असा पाऊणशे वर्षांनी कामी आला. त्या कारकुनांना यंत्राचे जागरण ठाऊक नव्हते. स्वतःचे ठाऊक होते.

आमच्या घरात तूर्त ठरले ते असे. यंत्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायचे, तेही एरवी चालूच असते त्या वेळात, निम्म्या ताकदीवर. काम थोडे थोडे मागवायचे; कारण आपण तुकडा दाबून ठेवला तर त्याच तुकड्याचे उत्तर पाठवून बसलेला दूरदेशीचा जोडीदार तिष्ठत राहतो. भाच्याच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. नाना दर महिन्याच्या एक तारखेला मीटर वाचून वहीत लिहितील. मुलांना हे फार कंजूषपणाचे वाटते, नानांना अजून उधळपट्टीचे वाटते. मीटरची वही मात्र दोघांनी मिळून आणली आहे, सुलतान बाजारातून.