‘प्लॅब’ परीक्षेत जादा वेळ हवाय? मागणी कशी कराल?

ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करण्यासाठी भारतातील अनेक डॉक्टर ‘प्लॅब’ परीक्षा देतात. पहिल्या टप्प्यात ३ तासांत १८० प्रश्न सोडवायचे असतात. दुसरा टप्पा मँचेस्टरमध्ये, प्रात्यक्षिकाचा. डिस्लेक्सिया, मधुमेह किंवा कमी ऐकू येण्याचा त्रास असेल, तर परीक्षेच्या पद्धतीत वाजवी बदल मागता येतात.

हा हक्क कुठून येतो?
ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यातून. अपंगत्वामुळे उमेदवार मागे पडू नये, याची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलवर आहे. अशा बदलाचा खर्च उमेदवाराकडून घेता येत नाही.

काय मागता येते?
गरजेनुसार जादा वेळ, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, सोयीची बैठक, औषध किंवा ग्लुकोमीटर जवळ ठेवण्याची मुभा.

काय मिळत नाही?
पात्रतेच्या निकषात सूट. वाचायला वेळ वाढवून मिळू शकतो, पण औषधाचा चुकीचा डोस बरोबर धरला जात नाही. उत्तीर्ण होण्याचे गुणही कमी होत नाहीत.

मागणी कशी करावी?
परीक्षेची तारीख घेतानाच लेखी कळवा आणि तज्ज्ञाचा अहवाल जोडा. अहवालात आजाराचे नुसते नाव पुरत नाही. परीक्षेत नेमकी अडचण कुठे येते आणि कोणत्या बदलाने ती दूर होईल, हे स्पष्ट हवे.

‘लोक काय म्हणतील’ म्हणून अनेक जण गप्प राहतात. पण निकालानंतर अडचण सांगून गुण वाढत नाहीत. त्यामुळे बोलायचे ते परीक्षेआधीच.