कुत्रा जेवताना गुरगुरतो तेव्हा…

एरवी मुलांशी लाडाने खेळणारा कुत्रा जेवताना कोणी जवळ गेले की गुरगुरतो. हा कृतघ्नपणा नव्हे. मिळालेला घास राखणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे आणि गुरगुरणे ही त्याची सूचना. त्याबद्दल मारल्यास तो सूचना न देताच चावू शकतो. म्हणून त्याचे भांडे ओढून घेऊ नका. लांबूनच पनीर किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाका. तो निर्धास्त दिसला, तरच रोज थोडे अंतर कमी करा. माणूस घास हिरावत नाही, उलट देतो, हे त्याला हळूहळू उमगते. त्याच्या जेवणाच्या वेळी मुलांना मात्र दूरच ठेवा. दात लागलाच तर जखमेवर हळद-चुना लावू नका. साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.