ट्रॉलीचा हूक किती उंच असावा?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण टायर बघतो, ऑइल बदलतो. पण हुकाकडे ढुंकूनही बघत नाही. भरलेली ट्रॉली फडातून सडकेला चढताना ट्रॅक्टर पुढून उचलतो, तेव्हा पुष्कळदा चूक हुकाच्या उंचीची असते. ओढ मागच्या आसाच्या वरून लागली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि ट्रॅक्टर मागे उलटायला क्षणही लागत नाही.

वर-खाली करता येणारा हूक म्हणजे भोकांची जाड उभी पट्टी व तिच्यावर बोल्टांनी आवळलेला हूक. तो बसवताना ट्रॅक्टर-ट्रॉली सपाट जागी उभी करा. ट्रॉलीचा दांडा जमिनीशी समांतर धरून त्याच्या कडीची उंची मोजा व त्या भोकात हूक बसवा. मात्र ही उंची आसाच्या खालीच हवी. दांडा उंच पडत असेल तर तो दुरुस्त करून घ्या. हूक वर चढवू नका. टॉप लिंकला ट्रॉली कधीच अडकवू नका.

पिनेऐवजी सळई घालून भागवू नका. पिनेला क्लिप हवीच. पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळा.

खेप उद्याही होईल. ट्रॅक्टरवर आपलंच पोर बसलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवू या.