डायनामो लावला की सायकल जड का होते?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतले अण्णा एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन घरी आले. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे. पत्रकावर एका यंत्राचे चित्र होते. मोटर जनित्र फिरवणार, जनित्र वीज तयार करणार, त्यातली थोडी वीज मोटरला परत द्यायची आणि उरलेली घरात वापरायची. सुरुवातीला एकदा बॅटरीचा धक्का दिला की झाले. पुढे इंधन नको, ऊन नको, वारा नको. यंत्र अजून बाजारात यायचे होते. तोवर ‘भागीदार’ म्हणून दोन लाख रुपये भरायचे होते.

"तू विज्ञानावर लिहितोस ना?" अण्णा म्हणाले, "मग यात खोट कुठे आहे ते दाखव. नुसतं ‘असं होत नसतं’ म्हणू नकोस. तसं तर विमानालाही लोक म्हणत होते."

मी त्यांना विचारले, "अण्णा, तुमच्या सायकलला डायनामो होता?"

होता, अर्थातच. ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षे सायकलवर गेली त्यांना तो आठवत असेल. पुढच्या चाकाशेजारी बाटलीसारखा लटकणारा, दिवेलागणीला खटकन टायरवर टेकवायचा. दिवा नसला की चौकातला हवालदार अडवायचा, म्हणून तो लावायचा. पण लावला की पायाला लगेच कळायचे. चढावर तर जीव नको व्हायचा. मग हवालदाराचा चौक मागे पडला की आम्ही गुपचूप डायनामो उचलून ठेवत असू. आम्हाला वाटायचे, टायरला घासतो म्हणून सायकल जड होते. ते खरेच आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड या प्राध्यापकाला दिसले, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. युरोपभर खळबळ उडाली. लगेच उलटा प्रश्न आला : चुंबकापासून वीज मिळेल का? लोकांनी तारेची वेटोळी केली, त्यात चुंबके ठेवली आणि वाट पाहिली. काही होईना.

या प्रयत्नांतली जिनिव्हाच्या कोलाडाँची गोष्ट मला फार आवडते. १८२५ साली त्याने मोठी तारेची गुंडाळी केली. चुंबकाचा थेट परिणाम मोजणाऱ्या सुईवर होऊ नये म्हणून सुई बिचाऱ्याने मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवली. गुंडाळीत चुंबक सरकवायचा, मग चालत पलीकडच्या खोलीत जाऊन सुई पाहायची. सुई स्थिर! चुंबक आत जात असताना ती हलली होती, पण तो पोहोचेपर्यंत जागेवर परतलेली असायची. एक मदतनीस तिथे उभा केला असता, तर शाळेच्या पुस्तकांत आज कोलाडाँचा नियम असता.

ते श्रेय मायकेल फॅरडेकडे गेले. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षापासून सात वर्षे पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीलाच पाठवली आणि १८१३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो मदतनीस म्हणून लागला. गणित त्याला फारसे येत नसे. पण हात आणि डोळा असा, की १८२१ मध्ये त्याने पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार गोल फिरवून दाखवली. आपल्या पंख्याची आणि मिक्सरची ती पणजी.

तरी चुंबकातून वीज काढायला त्यालाही आणखी दहा वर्षे लागली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने एका लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या तारा गुंडाळल्या आणि एकीला बॅटरी जोडली. दुसरीच्या सुईने क्षणभर झटका दिला आणि ती थांबली. बॅटरी काढली, पुन्हा झटका, उलट्या दिशेने. एरवी शांतता. नुसते चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत राहिले पाहिजे, हे त्या झटक्यातून उलगडले. ऑक्टोबरमध्ये त्याने गुंडाळीत चुंबक खुपसून आणि बाहेर ओढून वीज मिळवली. थांबलेल्या सायकलचा दिवा विझतो, तो यामुळेच.

आता आपल्या जडपणाकडे. डायनामोच्या बाटलीत एक चुंबक फिरतो, भोवती तारेची गुंडाळी असते. चुंबक फिरला की गुंडाळीत वीज वाहते. पण ओर्स्टेड काय सांगून गेला? वीज वाहिली की चुंबकत्व आले. म्हणजे ती गुंडाळी स्वतःच चुंबक होते आणि फिरणाऱ्या चुंबकाला अडवते. अडवतेच का, मदत का करत नाही? हे १८३४ मध्ये लेंझने नियमात बांधले, पण घटकाभर विचार केला तर आपल्यालाही पटेल. समजा, तिने मदत केली असती. मग चुंबक आणखी जोरात फिरला असता, वीज वाढली असती, मदत वाढली असती आणि एकदा पायडल मारले की सायकल आपोआप सुसाट सुटली असती! तसे होत नाही. दिव्याचा उजेड पायातूनच काढून घेतला जातो.

याचा एक झकास प्रयोग घरी करता येतो. तांब्याच्या पाइपचा हातभर लांब तुकडा उभा धरा आणि त्यात मावेल असे छोटे निओडिमियमचे चुंबक वरून सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही, तरी ते दगडासारखे पडत नाही. मधात बुडाल्यासारखे रेंगाळत खाली येते. पडता पडता ते पाइपात वीज निर्माण करते आणि तीच वीज त्याला अडवून धरते. (ही चुंबके लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्यांना इजा करतात.)

अण्णांना मी कोयनेचेही सांगितले. पोफळीला सह्याद्रीच्या पोटात तीच बाटली आहे, फक्त अवाढव्य. फिरणारा चुंबक, भोवती गुंडाळ्या, आणि पायडल मारायला डोंगरावरून येणारे पाणी. संध्याकाळी लाखो घरांत दिवे लागले, की ग्रिडमधल्या सगळ्या जनित्रांच्या गुंडाळ्यांतली वीज वाढते, अडवणूक वाढते आणि चाके किंचित मंदावतात. सेकंदाला ५० आवर्तनांचा ताल घसरू लागला की कुठे पाण्याचे दार आणखी उघडते, कुठे वाफ. आपण बटण दाबतो तेव्हा कुठेतरी कुणाची तरी सायकल जड होते.

मुंबईच्या नव्या लोकलमध्ये हा जडपणा कामालाही लावला आहे. ब्रेकच्या वेळी मोटरच जनित्र होते, गाडीला अडवते आणि मिळालेली वीज वरच्या तारेत परत जाते.

"म्हणजे," अण्णा सावकाश म्हणाले, "या यंत्रात जनित्र जेवढी वीज देणार, तेवढंच ते मोटरला जड होणार."

"तेवढंच नाही, थोडं जास्तच. तारा तापतात, बेअरिंग घासतात. घासाघीस शून्य धरली तरी यंत्र जेमतेम स्वतःपुरतं फिरेल. उरलेली वीज कुठून आणणार?"

"पण त्यांनी तर बल्ब लावून दाखवला."

बल्ब हल्ली पाच-सात वॉटचा असतो. तेवढा तर लपवलेल्या बॅटरीवरही तासन्‌तास जळतो. घरातली साधी इस्त्री सातशे-हजार वॉटची. धडधाकट माणूस सायकलवर सलग शंभर वॉटच्या आसपास जोर लावू शकतो. म्हणजे इस्त्रीसाठी आठ-दहा माणसे जुंपावी लागतील. अण्णांनी हे आकडे पत्रकाच्या मागे लिहून घेतले.

पुढच्या रविवारी त्या लोकांचे प्रात्यक्षिक होते. अण्णा कापडी पिशवी घेऊन निघालेले मी गॅलरीतून पाहिले. दुपारी परत आले तेव्हा जिन्यातच भेटले.

"काय झालं अण्णा?"

"भिंतीतली वायर काढा आणि यावर माझी इस्त्री तापवून दाखवा, म्हटलं. तर म्हणाले, लोडची टेस्ट पुढच्या महिन्यात." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दोन किलोची इस्त्री आहे रे. बसमध्ये उभ्यानं आणली."