मानेतली फाट आणि जाळीचा आधार

दाढी झाली, गालांवरून तुरटी फिरली, की न्हावी विचारतो, ‘मालिश?’ हो म्हटलं की डोक्यावर चापट्या बसतात, खांद्यांवर मुठी पडतात आणि शेवटी त्याचा एक हात आपल्या हनुवटीखाली येतो, दुसरा डोक्यामागे. एक हिसका उजवीकडे, एक डावीकडे. मान कट्‌कन वाजते आणि गिऱ्हाईक सुखाने डोळे मिटतं. पेडण्याचा बाजार असो की डिचोलीचा, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बहुतेकांना त्यातून काही होत नाही. पण क्वचित कुणाच्या मानेत त्या हिसक्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर चिरतं. बाहेर रक्त दिसत नाही, सूज येत नाही. माणूस दुचाकीला किक मारून घरी जातो. दोन दिवसांनी म्हणतो, ‘मान धरलीय.’ घरातलं कुणीतरी तेल गरम करायला घेतं.

या दोन दिवसांविषयीच आज लिहायचं आहे.

पोपड्यामागचं पाणी

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या चार. दोन गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. बोट ठेवलं की त्यांचा ठोका लागतो. उरलेल्या दोन मागून, मणक्यांच्या हाडांतल्या भोकांमधून ओवल्यासारख्या चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा-सहावा हिस्सा त्याला लागतो. तो सारा पुरवठा मानेतून जातो, आणि मान तर दिवसभर वळत असते.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर चिवट वेष्टन. अस्तराला चीर गेली की वाहतं रक्त त्या चिरेतून भिंतीच्या आत घुसतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती आठवून पाहा. गिलाव्याच्या मागे पाणी शिरलं की पोपडा फुगून खोलीत येतो. तसंच इथे होतं. भिंतीत साठलेलं रक्त अस्तराला आत ढकलतं आणि धमनीची वाट अरुंद होते. चिरलेल्या जागी गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून वर गेला, तर मेंदूचा तेवढा भाग रक्ताविना राहतो. आपले लोक ज्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तो हा पक्षाघात. डॉक्टर या फाटण्याला ‘डिसेक्शन’ म्हणतात.

हा आजार विरळा आहे. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांनुसार वर्षाला लाखात तीन-चार जणांना तो होतो. सगळ्या पक्षाघातांत त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत तोच दहा ते पंचवीस टक्क्यांवर जातो. म्हणजे घर ज्याच्या कमाईवर चालतं, त्या वयाच्या माणसाला तो गाठतो.

कारण प्रत्येक वेळी हिसकाच असतो असं नाही. दुचाकीवरून पडणं, गाडीला मागून धडक बसणं, जोराची खोकल्याची उबळ, पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर बराच वेळ मागे टाकलेली मान, एवढंही पुरतं. बेसिनचा हा धोका अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ साली मांडला होता. काहींच्या धमन्यांची भिंत जन्मतःच नाजूक असते, तर काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. कधी मान मोडल्याने फाट पडते. कधी फाट आधीच पडलेली असते आणि ती दुखते म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. हा दुसरा प्रकार अधिक घातकी.

चंद्रकोर

१९७८ साली मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांतली या आजाराची लक्षणं आणि चित्रं सविस्तर मांडली. त्याआधी ही फाट बहुतेक वेळा शवविच्छेदनातच सापडे. आज सीटी अँजिओग्राफीत ती काही मिनिटांत दिसते. एमआरआयमध्ये भिंतीतलं साकळलेलं रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखं उमटतं आणि कोरीच्या कुशीत उरलेल्या वाटेचा काळा ठिपका दिसतो.

धमन्यांचं चित्र घेण्याच्या या विद्येचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या क्ष-किरणांवर पहिल्यांदा दाखवल्या त्या लिस्बनच्या एगास मोनीझ यांनी, जून १९२७ मध्ये. गळ्यातली धमनी उघडी करून त्यांनी तीत क्ष-किरणांना अडवणारं द्रावण टोचलं होतं. त्याच मोनीझ यांनी दोन वर्षं आधी कांदोळीच्या आबे फारियावर पुस्तक लिहिलं होतं. पणजीत मांडवीकाठी हात पसरून उभा असलेला संमोहनशास्त्राचा हा आद्य पुरुष आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे.

आधी औषध, मग जाळी

फाट सापडली म्हणजे लगेच स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळी, असं मात्र नाही. बहुतेक फाटी शरीर स्वतःच सांधतं. भिंतीतलं रक्त तीन ते सहा महिन्यांत शोषलं जातं आणि वाट पुन्हा मोकळी होते. तोवर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसारखी किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. कोणतं औषध बरं, हे पाहण्यासाठी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही गटांत मिळून फक्त चौघांना पक्षाघात झाला. वेळेवर निदान आणि साधं औषध यांची ताकद एवढी मोठी आहे.

स्टेंट लागतो तो उरलेल्या थोड्यांना. औषध चालू असूनही झटके येत राहिले, वाट इतकी आवळली की मेंदू उपाशी राहू लागला, भिंतीला आलेला फुगा वाढत गेला, किंवा रक्त पातळ करणारी औषधं देणंच धोक्याचं असलं, तर डॉक्टर जाळीचा विचार करतात.

मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून धमनीत बारीक नळी सरकवतात आणि पडद्यावर पाहत ती मानेपर्यंत नेतात. खरी कसोटी इथे लागते. पुढे दोन वाटा असतात. एक रक्ताची खरी वाट, दुसरी पोपड्यामागची पोकळी. केसासारखी तार चुकून पोकळीत गेली आणि जाळी तिथे उघडली, तर उरलीसुरली वाटही बंद होईल. म्हणून तार मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे जाते, मध्येच थोडं द्रावण सोडून खात्री करून घेतात. तार खऱ्या वाटेने फाटीच्या वर पोचली की तिच्यावरून मिटलेला स्टेंट चढवतात आणि त्याचं आवरण हळूच मागे ओढतात. जाळी आपोआप उमलते आणि सुटलेलं अस्तर पुन्हा भिंतीला टेकवून धरते. ही जाळी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, नायटिनॉलची. दाबली तरी मूळ आकारावर येणं हा या धातूचा गुण. वळणाऱ्या, दाबल्या जाणाऱ्या मानेत तोच उपयोगी पडतो.

जाळीवरही गुठळी धरू शकते. म्हणून पुढे काही महिने रक्तातल्या गुठळ्या रोखणारी दोन औषधं न चुकता घ्यावी लागतात. ‘आता बरं वाटतं’ म्हणून ती स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं.

बांबोळीची वाट

हे उपचार मोठ्या रुग्णालयातच होतात. आपल्यासाठी ते म्हणजे बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं. पेडण्याहून धारगळ, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी करत मांडवी ओलांडायची. डिचोलीहून अस्नोडा-थिवीमार्गे म्हापसा गाठायचं, नाहीतर साखळीकडून खाली उतरायचं. अंतर फार नाही, पण पक्षाघातात घड्याळ निराळं चालतं. मोठी धमनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातले दोन तास ‘थोडं पडून राहा, बरं वाटेल’ म्हणण्यात गेले, तर रस्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

म्हणून खुणा लक्षात ठेवूया. मानेच्या एकाच बाजूला, पूर्वी कधी न झालेली, डोक्याकडे किंवा डोळ्यामागे चढणारी कळ. एका डोळ्याची पापणी किंचित उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमणारा आवाज. एकाएकी भोवळ, एकाची दोन दिसणं, घास अडकणं, चालताना झोक जाणं. अशा वेळी चोळायचं नाही, मान मोडायची नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं आणि हिसका, अपघात, मालिश, जे घडलं असेल ते आपणहून सांगायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर १०८ ला फोन करायचा.

रुग्णवाहिकेत आणि रुग्णालयात एक प्रश्न हमखास विचारतात: ‘शेवटचं ठीक कधी होतं?’ इंजेक्शन द्यायचं की नाही, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं. घाबरलेल्या घरात ते आठवत नाही. फोन खाली ठेवताच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा, माणूस शेवटचा ठीक किती वाजता दिसला होता ते आठवा आणि ती वेळ कॅलेंडरच्या कोपऱ्यावर, हातावर, मिळेल तिथे लिहून ठेवा.