मोठं हॉस्पिटल की जवळचं?



घरात कर्करोगाचं निदान झालं की आपण आधी विचारतो, "सगळ्यात मोठं हॉस्पिटल कुठलं?" मंडळातल्या एका काकूंच्या घरी तेच झालं. मुलांनी दोन तासांवरचं नावाजलेलं हॉस्पिटल ठरवलं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया छान झाली. मग रेडिएशन सुरू झालं: सोमवार ते शुक्रवार, रोज. मशीनखाली काही मिनिटं आणि गाडीत चार तास! आम्ही स्वयंसेवक आळीपाळीने गाडी चालवत होतो. तिसऱ्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही रे. दुपारी आपल्या घरी येऊन पडावंसं वाटतं." आम्हीही विचारलं नव्हतं. रेडिएशन मध्येच दुसरीकडे हलवणं सोपं नसतं, त्यामुळे त्यांनी ते तिथेच पुरं केलं.

नंतर या आजारातून गेलेल्या इतर सभासदांशी आम्ही बोललो. हॉस्पिटलचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. किमो चालू असताना रात्री ताप चढला तर फोन कोण उचलतं? डॉक्टर घाई न करता बोलतात का? विमा तिथे चालतो का? ने-आण कोण करणार? त्यांच्या मनात होते ते हे प्रश्न.

आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. सिस्प्लॅटिनचा रेणू लहान दवाखान्यात आणि मोठ्या केंद्रात एकच असतो. शस्त्रक्रियेचं मात्र तसं नाही. स्वादुपिंड किंवा अन्ननलिकेची अवघड शस्त्रक्रिया जिथे वरचेवर होते, तिथे जिवाचा धोका कमी असतो. त्यासाठी, किंवा आजार दुर्मिळ असेल तर, जरूर लांब जावं. अमेरिकेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेची मान्यता असलेली सत्तरहून अधिक केंद्रं आहेत. तिथे दुसरं मत घ्यावं आणि रोजचे उपचार घराजवळ होतील का, हे तिथेच विचारावं.

आणखी एक. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना इथे दुभाषा मोफत द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा. मुलगा दुभाषा झाला की वाईट बातमी निम्मीच सांगतो, हे आम्ही पाहिलं आहे.

तेव्हा मंडळी, यादी करण्याआधी रोग्याशेजारी बसून विचारा, "तुम्हाला काय हवंय?" गाडी चालवायला आम्ही आहोतच. आणखी कुणाला यायचं असेल तर कार्यकारिणीकडे नाव द्यावं.