सहा घरांचं यंत्र

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या रहिवाशाला आज रिव्हॉल्व्हरचा परवाना हवा असेल, तर अर्ज मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयात जातो. हे आयुक्तालय २०२० मध्ये झालं. त्याआधी हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता. परवाना मिळालाच, तर हाती येतं ते बहुधा ३२ बोअरचंच. ३८ आणि ४५५ बोअर सामान्य नागरिकाला मना आहेत.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं ३२ बोअर पाहिलं, की बर्मिंगहॅमच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची ठेवण लगेच ओळखू येते. वेब्लीचं पहिलं मार्क ब्रिटिश सैन्यानं १८८७ मध्ये स्वीकारलं. १९१५ मध्ये आलेलं मार्क सहा, ४५५ बोअरचं, किलोभराहून जड धूड होतं. पुढे ३८ बोअरचं मार्क चार आलं आणि त्याच्या बांध्यावर आपलं देशी ३२ घडलं.

घोड्याजवळचा खटका अंगठ्यानं दाबला, की नळी खाली झुकते, चक्री उघडी पडते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम उचलते. शौकिनांचा जीव अडकतो तो इथेच, असं मला वाटतं. पिस्तुलाचं काम मुठीतल्या मॅगझिनमध्ये आणि सरकत्या स्लाइडखाली चालतं. इथे चक्रीतली घरं भरलेली की रिकामी, हे डोळ्यांना दिसतं. काडतूस फुसकं निघालं, तर चाप पुन्हा ओढायचा. पुढचं घर समोर येतं. घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो. नुसताच चाप ओढला तर तो लांब आणि जड, कारण घोडा उचलायचा आणि चक्रीही फिरवायची, दोन्ही कामं त्या एका बोटावर. तेवढ्या ओढीत नळी जराही न हलणं, ही नेमबाजाची खरी कसोटी. सहाच गोळ्या आणि भरायला लागणारा वेळ, यामुळे सैन्यांनी रिव्हॉल्व्हर सोडलं, ते योग्यच होतं. शौकिनाला मात्र घाई नसते.

२०१४ मध्ये कानपूरनं टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ आणलं. किंमत लाखाच्या वर, बोअर तोच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घरातली जुनी वेब्ली ठेवायची की नवं काही, हे ठरवणं अवघड झालं. काडतुसांचा धागा मात्र महाराष्ट्रात येतो: खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं कोरलेली असतात.